चाऱ्याला हात लावायचा नाय

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाडीवर गळ टाकायला गेलो होतो. त्यात विशेष काही नव्हतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस येतात, भरतीला जोर नसतो, पाणी निवळ राहतं. त्या दिवसांत आम्ही जायचोच. सरावलीहून स्कूटीनं निघायचं. पुढं माझ्या पायापाशी जिवंत कोळंबीची बादली, मागं ती, तिच्या हातात बांबूची काठी आणि मांडीवर फरसाणचा डबा. पाम गावाच्या अंगाला खाडीवर एक जुना दगडी पूल आहे. त्याच्या कडेनं दगडांची उतरण खाली पाण्यात गेली आहे. तिथं तिची बसायची जागा ठरलेली. खालून तिसऱ्या ओळीच्या दगडाला पाणी लागलं की जिताडा मासा पुलाच्या खांबाशी येतो, असं ती म्हणायची. आणि यायचाही. नेहमी नाही, पण यायचा.

पाणी तिसऱ्या दगडाला लागलं. मी बादली तिच्या उजव्या अंगाला ठेवली आणि दोन पावलं मागं सरकलो. ही माझी जागा. चाळीस वर्षं मी बादली आणायचो, ठेवायचो आणि मागं सरकायचो.

ती म्हणाली, "आज तुमी लावा."

"काय लावू?"

"चारा लावा. कोळंबी. दुसरं काय लावनार, कुंकू?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी तसाच उभा राहिलो. तर तिनं माझे दोन्ही हात धरून खाली बसवलं, काठाचा चिखल घेतला आणि मनगटापर्यंत चोळला. खाडीच्या पाण्यात हात धुतले. पुन्हा चिखल, पुन्हा पाणी. मग माझे तळवे नाकाशी नेले आणि डोळे मिटून बसली. बराच वेळ बसली. पुलावरून एक दूधवाला चालला होता, तो गाडी हळू करून हसला.

मी विचारलं, "गेला वास?"

"पानी फिरतंय. बोलू नका. लावा."

मी लावली. कशी लावतात ते चाळीस वर्षं मागून बघितलं होतं. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, त्याच्या बुडाशी, आत काळा ठिपका दिसतो तो टाळून गळ आरपार काढायचा. ठिपक्याला लागला की कोळंबी मरते, आणि मेलेलीला जिताडा विचारत नाही. माझी पहिली मेली. दुसरी जगली. ती रागावली नाही. एरवी एक कोळंबी फुकट गेली तर तिनं मला खाडीत ढकललं असतं.

मासा काही लागला नाही. पाणी उतरायला लागलं तसं आम्ही निघालो. घरी येऊन तिनं चहा केला, दोन्ही हातांनी कप धरून प्यायली, "पडते जरा" म्हणाली. बारा वाजता मी जेवायला उठवायला गेलो तर उठली नाही.

झालं. एवढंच.

आता मला जो घोर लागला आहे तो आधी सांगून टाकतो, म्हणजे मी काय शोधतो आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तिच्या हातात बळ उरलं नव्हतं म्हणून तिनं मला चारा लावायला सांगितलं, की माझ्या हाताचा वास गेला म्हणून? पहिलं असेल तर ते मला तिथंच दिसायला हवं होतं. तिला उचलून दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि मी बसलो कोळंबीचा काळा ठिपका शोधत. दुसरं असेल तर तिनं मला चाळीस वर्षांनी पास केलं आणि त्याच दिवशी गेली. यातलं कुठलं खरं ते मला कळत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

वासाचं सांगतो. मी मूळचा माण तालुक्यातला. जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथं मासा कुठला. सातवीतून शाळा सुटली, गावच्या एकाच्या ओळखीनं इकडं एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात चिकटलो, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. पावडर भरायची, घोटायची, गाळायची. ज्या आठवड्यात जो रंग निघेल तो माझ्या हातांचा रंग. आणि त्याला एक वास असायचा, कडवट, जिभेच्या मुळाशी लागणारा. मला स्वतःला तो पहिल्या महिन्यानंतर येईनासा झाला. तिला मात्र कायम यायचा.

लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "भात कालवा, पोर झालं तर पोर घ्या, मला हात लावा, माझं काय म्हननं नाय. चाऱ्याला हात लावायचा नाय."

मी हसलो. ती हसली नाही.

ती तारापूरकडच्या कोळीवाड्यातली. तिकडं पुरुष होडीवर जातात, बायका मासळी सुकवतात, विकतात. गळ घेऊन एकटी काठावर बसणारी बाई गावात दुसरी नव्हती. तिचा थोरला भाऊ, त्याला आम्ही दोघंही दादा म्हणतो, त्याची स्वतःची होडी. तो म्हणायचा, "गळ टाकायचा धंदा रिकामटेकड्यांचा. एका जाळ्यात येतं ते तुला सालभर बसून मिळनार नाय." ती म्हणायची, "जाळ्यात कोनपन जातो. माझ्याकडं यायला त्याची मर्जी लागते." सकाळभर बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, दादाच्या जाळ्यातली मासळी विकायची, आणि भांग आला की पाटी भावजयीच्या हवाली करून पळायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "गेली बघ, नवऱ्याला भेटायला." हा मी यायच्या आधीचा नवरा. जिताडा.

कुठल्या पाण्याला कुठला चारा, हा तिचा ध्यास होता. बाकी कशात तिचं लक्ष लागायचं नाही. दूध उतू जायचं, मुलीची शाळेची बैठक चुकायची, पण आज वारा खालचा आहे, पाणी गढूळ आहे, तर जिवंत कोळंबी नको, वासाचा चारा पाहिजे, हे तिला झोपेतही कळायचं. निवळ पाण्याला कोळंबी. गढुळाला बोय माशाचा तुकडा. पावसाळा सरताना चिखलातली निवटी मासळी. आणि वारा सुटून पाण्यावर सुरकुत्या आल्या की खोटा मासा, ज्याला दुकानात ल्यूर म्हणतात.

खोटे मासे ती स्वतः करायची. झिजलेल्या रबरी चपलेचे, दात घासायच्या ब्रशाच्या दांड्याचे, गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे. एक होता स्टीलच्या मोडक्या चमच्याचा. माझा जेवणाचा चमचा. तो मोडका नव्हता, तिनं मोडला. केलेला प्रत्येक खोटा मासा पाण्यात कसा दिसतो ते बघायची तिची रीत अशी, की लोणच्याची मोठी काचेची बरणी पाण्यानं भरायची, त्यात तो दोऱ्यानं सोडायचा, आणि बरणी मी डोक्यावर धरून खिडकीपाशी उभं राहायचं. ती खाली फरशीवर उताणी पडून वर बघायची.

"हलवा जरा. एवडं नाय. तुमी हलवताय का त्याला फाशी देताय?"

"हात भरून आले गं."

"मासा वरून बघत नाय, ओ घाटी. तो खालून बघतो. त्याला पोट दिसतं. पोट खरं वाटलं पायजे."

एकदा शेजारीण साखर मागायला आली. तिनं दारातून बघितलं. मी बरणी डोक्यावर घेऊन उभा, ही माझ्या पायाशी उताणी, तोंडानं "डावीकडं, डावीकडं" म्हणते आहे. शेजारीण साखर न मागता गेली. पुढं दोन महिने ती माझ्याकडं दयेनं बघायची.

पालघरला एका पोऱ्यानं गळ-काठ्यांचं दुकान टाकलं तेव्हा ही मला घेऊन गेली. नवीन माल, परदेशी, डोळे रंगवलेले, पोटात खुळखुळा असलेले. हिनं एक उचलला, दातानं चावून बघितला आणि विचारलं, "ह्याच्यावर तू किती जिताडं काढलीस?"

तो म्हणाला, "मावशी, सगळे हेच नेतात. एकदम खात्रीचा आहे."

"तू किती काढलीस?"

"मी मासे खात नाही, मावशी. आमच्यात चालत नाही."

"खात नाय तर इकतोस कशाला?"

टेबलावर त्याचा पाण्याचा ग्लास होता. हिनं त्यात तो खोटा मासा सोडला, ग्लास उचलून ट्यूबलाइटखाली डोक्यावर धरला आणि मान मोडून खालून बघत बसली. दुकानात तीन गिऱ्हाईकं, तिघंही वर बघायला लागली. शेवटी ग्लास खाली ठेवून म्हणाली, "पोट खोटं हाय." आणि निघाली. मी त्या पोराला म्हटलं, पाणी बदलून घे बाबा.

रस्त्यात मला एकदम आठवलं. तिनं मला पहिल्यांदा विचारलेला प्रश्नही जवळपास तोच होता. दर सुट्टीला मी तिच्याकडून बांगडे घ्यायचो. मला करता यायचे नाहीत, खायला तर माहीतच नव्हते, खोलीवर नेऊन शेजारच्या बिहारी कामगारांना द्यायचो. तिला कुणीतरी सांगितलं. पुढच्या सुट्टीला तिनं सगळ्या बाजारासमोर विचारलं, "खात नाय तर इकत घेतोस कशाला?" मी बांगडे घेतले आणि गेलो. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो.

तिचा खात्रीच्या चाऱ्याचा एक हिशेब होता. मासा मिळणं न मिळणं ती धरायची नाही. मासा आपल्या हातून निसटतो, त्यात चाऱ्याचा दोष नाही. ती धरायची ओढ. मासा येऊन चारा तोंडात घेतो आणि दोरी ओढतो, ती ओढ. एका भांगाला एक ओढ आली, तर ते नशीब. असे सात भांग, सातही वेळा ओढ आली, तर तो चारा आपला. मध्ये एक जरी भांग कोरा गेला की पुन्हा एकपासून. तिला लिहिता यायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तिथीच्या चौकोनात पेन्सिलनं खुणा करायची. कोळंबीची खूण वाकडी रेघ, चमच्याची गोल, बोयची दोन टिंबं. जे सातात पास झाले ते फरसाणच्या डब्यात. जे नापास झाले ते बिस्किटाच्या डब्यात, झाकणावर खिळ्यानं काट मारलेली. टाकायची नाही. मी म्हटलं, भंगारात दे की. म्हणाली, "ते थापाडे हायेत. भायेर सोडले तर दुसऱ्याला फसवतील."

माझ्या बाबतीतही तिनं तेच केलं असं ती सांगायची. सात भांग मी बाजारात आलो, एकही कोरा गेला नाही, मग तिनं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "घाटी हाय. पोहता येत नाय." ती म्हणाली, "मग पळून तरी कुठं जाईल?" आता हे खरं सात भांग होते की तिनं नंतर जुळवलं, मला माहीत नाही. मी तेव्हा मोजले नव्हते.

एकदा मी चाऱ्याला हात लावला होता. मुलगी तेव्हा पाचवी-सहावीत असेल. ही तिवरांच्या आडोशाला गेली होती आणि पाणी नेमकं तिसऱ्या दगडाला लागलं. मला वाटलं, वेळ जायला नको. मी एक कोळंबी लावली, गळ टाकला, काठी तिच्या जागेवर टेकवून मागं येऊन उभा राहिलो, जसं काही झालंच नाही. ती आली, काठी उचलली, बसली. भरती पूर्ण झाली, पाणी फिरलं, काही नाही. आमच्यापासून वीस हातावर एक म्हातारा बसला होता, त्यानं दोन काढले. तिनं दोरी ओढून घेतली, कोळंबी नाकाला लावली आणि न वळता विचारलं, "कोन शिवलं हिला?"

मी म्हटलं, "मी."

ती पुढचा भांग येईपर्यंत बोलली नाही. चौदा दिवस. ताट वाढायची, बोलायची नाही. पंधराव्या दिवशी म्हणाली, "चला." मी बादली उचलली.

त्या कोळंबीला खरंच वास होता का? मला काय माहीत. त्या दिवशी नुसता योगही असेल. पण मासा आला नाही एवढं खरं, आणि म्हाताऱ्याला दोन मिळाले हेही खरं. तिच्याशी भांडायला माझ्याकडं काही नव्हतं.

निवृत्त झालो त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही हात तिच्यापुढं केले. म्हटलं, संपली नोकरी, आता घे वास. तिनं घेतला. "अजून हाय. सालभर थांबा." सालभरानं दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा. "अजून हाय." मग दर पाडव्याला हा कार्यक्रम झाला. ओवाळून झालं की तबक बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "दाखवा." मी चिंचेनं हात घासले, राखेनं घासले, बेसनानं घासले, एकदा रॉकेलनं घासले तेव्हा मुलगी माझ्यावर ओरडली. मी चाळीतल्या लोकांपुढं हात धरून विचारायचो, येतो का वास? सगळे म्हणायचे, कसला वास? हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना काय इचारता? ते काय जिताडा हायेत?"

गेल्या पाडव्याला मी वैतागून म्हटलं, "आता हा वास मेल्यावरच जाईल."

ती म्हणाली, "कोनाच्या?"

आम्ही दोघंही हसलो होतो. मुलगी होती, जावई होता, सगळे हसले होते.

डॉक्टर घरी आला तेव्हा त्यानं विचारलं, सकाळपासून काही जाणवत होतं का, हाताला मुंग्या, हात जड, घाम? मी म्हटलं, तिनं आज मला चारा लावायला सांगितला. तो म्हणाला, म्हणजे? मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं मुलीकडं बघितलं. तोवर ती मनोरहून आली होती, तिचं सासर तिथं. ती रडत होती, रडता रडता म्हणाली, "बाबा, आईचा हात चालत नसणार. तुम्हाला कळलं नाही?"

नाही कळलं. चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरला हे आता आठवतं. पण थंडीत ती नेहमीच तसा धरायची. थंडी होती का? जरा होती. आणि हात चालत नव्हता तर माझे हात तिनं दोनदा चिखलानं घासले कसे? अंगठ्यानं दाबून दाबून घासले होते, माझी कातडी लाल झाली होती. मग वाटतं, तेवढ्यानंच तिचं बळ संपलं असेल. मग वाटतं, वास गेला का असं मी स्पष्ट विचारलं होतं. हो किंवा नाही, दोनच शब्दांतला एक. तिनं पाणी फिरतंय म्हणून सांगितलं. असं कुणी करतं का? चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर ती मेल्यानंतर रागवावं असं मला वाटत नाही, पण मी रागावलो होतो. संध्याकाळी सगळं उरकून आलो, आंघोळ केली, लोक बसले होते, आणि मी तिच्यावर रागावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचलाच जाग आली. घरात माणसं निजलेली. बुडबुड असा बारीक आवाज येत होता. उठून बघितलं तर मोरीत कोपऱ्यात कोळंबीची बादली. कालच्या गडबडीत कुणीतरी सरकवून ठेवली होती, आणि कोळंबी जगवायला ती लावायची ते हवेचं छोटं मशीन अजून चालू होतं. ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाण्यात हात न घालता वाकून बघितलं. पाच मेल्या होत्या, चार जिवंत होत्या.

मी शर्ट घातला. काठी घेतली, बादली उचलली. बाहेर ओट्यावर दादा बसला होता, म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली.

"कुठं, भावोजी?"

"खाडीवर."

"सुतकात?"

"हो."

त्यानं बादलीकडं बघितलं, काठीकडं बघितलं. मुलगी आवाजानं दारात आली. "बाबा, आज? लोक काय म्हणतील? मामा, तुम्ही तरी समजावा ना."

दादा उठला, धोतर झटकलं. "समजवायलाच चाललोय त्याच्यासंगं," म्हणाला आणि स्कूटीवर मागं बसला.

सहाला आम्ही पुलापाशी होतो. आदल्या दिवशी सहालाच होतो. मी बादली ठेवली आणि बघतो तर पाणी तिसऱ्या दगडाच्या बरंच खाली. मला काही कळेना. घड्याळ बघितलं. सहा. पुन्हा बघितलं.

"दादा, काल सहाला पाणी लागलं होतं हितं."

"काल अष्टमी होती. आज नवमी. पानी रोज पाऊन तास पुढं जातं. चाळीस सालं काय केलंत तुमी?"

"ती उठवायची. मी उठायचो." आणि म्हटलं, "कारखान्यात पहिली पाळी रोज सातची असायची. कधी पुढं गेली नाय."

"समुद्राला भोंगा नाय, भावोजी," दादा म्हणाला आणि दगडावर बसला.

पाऊण तास थांबायचं होतं. मग मी त्याला सगळं सांगितलं. चिखल, वास, आज तुमी लावा. विचारलं, "तिचा हात चालत नव्हता, म्हणून, का माझा वास गेला म्हणून? तुला काय वाटतं?"

तो म्हणाला, "मला तिनं कधी हात लावू दिला? माझ्या हाताला डिझेलचा वास येतो म्हनायची. सख्खा भाऊ मी. तिचा हात मोडला होता लहानपनी, तेव्हापन मला लावू दिला नाय. दातात धरून लावला चारा. हात चालत नसता तर ती उठून घरी आली असती. नासका चारा टाकला नसता."

हे ऐकून मला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, हा माझ्या समाधानासाठी तर बोलत नाही ना? तिचा लहानपणी हात मोडला होता हे मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही. कोळ्याचं तोंड आहे, त्यावरून हवामान कळत नाही.

मी म्हटलं, "मासाच सांगेल."

"काय सांगेल?"

"वास हाय का नाय ते."

दादानं जरा सरकून मला पुढं बसायला जागा दिली. तिच्या दगडावर मी बसलो. पाणी तिसऱ्या दगडाला लागलं तेव्हा पावणेसात झाले होते. मी चिखल घेतला, मनगटापर्यंत चोळला, धुतला, पुन्हा चोळला, पुन्हा धुतला. हात नाकाला लावला. मला फक्त चिखलाचा वास आला. पण मला तर कधीच दुसरा आला नव्हता.

चारातली एक कोळंबी घेतली. तिनं शेपटी मारून बोटाला रक्त काढलं. काळा ठिपका टाळला. गळ खांबाच्या सावलीत सोडला आणि दोरी पहिल्या बोटावरून घेतली. तंगूस म्हणतात त्या दोरीला, नायलॉनची. ती तशीच धरायची, बोटावरून. मी मागं उभा राहून तिचं बोट बघायचो. ओढ यायच्या आधी तिचं बोट किंचित वर व्हायचं, काहीतरी ऐकू आल्यासारखं.

किती वेळ गेला माहीत नाही. पाणी थांबलं. पुलावरून पहिल्या पाळीच्या कामगारांच्या गाड्या जायला लागल्या. माझं बोट वर झालं. मी केलं नाही, ते झालं. आणि खांबाशी टप् असा आवाज आला, काठी इतक्या जोरानं वाकली की मी गुडघ्यावर आलो.

"अगं, ओढतोय! अगं ये!"

मी मागं वळून ओरडलो होतो. दोन पावलं मागं, जिथं मी उभा असायचो तिथं. तिथं दादा होता. तो एकदम दुसरीकडं बघायला लागला.

तेवढ्यात दोरी सैल झाली. ओढून घेतली तर गळ कोरा. कोळंबी गेली, मासा गेला.

दादा नाक शिंकरून म्हणाला, "मोठा होता."

"होता."

"एकदा ओढ आली म्हंजे..."

"नशीब," मी म्हटलं. "ठाऊक हाय मला."

घरी आलो तर ओट्यावर चपलांची रांग लागलेली. मुलगी दारातच साबणाची वडी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "हात धुवा आधी. कुंभवलीची मंडळी आलीत, तुम्हालाच विचारतायत."

मी तांब्या घेतला. म्हटलं, "साबण नको."

"अहो बाबा, वास येतोय हाताला."

"कसला?"

तिनं माझा हात नाकाशी नेला. "कोळंबीचा. दुसरा कसला येणार?"

मी तिच्याकडं बघितलं. ती खरंच सांगत होती, पण तो दुसरा वास तिला तरी कधी आला होता. नुसतं पाणी हातावर घेतलं आणि साबण तिच्या हातात परत दिला. बादली मोरीत ठेवली, तीन उरल्या होत्या, हवेचं मशीन चालू आहे ते बघितलं. मग आतल्या खोलीत गेलो. कॅलेंडरच्या खिळ्याला तिची पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली होती. कोळंबीला वाकडी रेघ, चमच्याला गोल. माझ्या हाताला काय खूण काढायची ते सुचेना. नवमीच्या चौकोनात एक उभी रेघ मारली. दशमीच्या चौकोनात साडेसात लिहिलं. आणि बाहेर जाऊन माणसांत बसलो.